हलायचं नाही!

शरीराबाहेर कसं पडायचं हे शिकवणाऱ्या पुस्तकांत पहिली सूचना साधारण एकच असते : पाठीवर पडा आणि अजिबात हलू नका. ती कंपनं, ते तरंगणं, छताजवळून स्वतःकडे बघणं वगैरे सगळी मजा पुढच्या प्रकरणांत. मी गेले तीन महिने दर रविवारी दुपारी पहिल्याच सूचनेवर अडकलोय.

या विषयातला गाजलेला माणूस म्हणजे रॉबर्ट मन्रो. अमेरिकन, रेडिओच्या धंद्यातला. १९५८ साली त्याला असे अनुभव आपोआप यायला लागले आणि १९७१ साली त्याने 'जर्नीज आउट ऑफ द बॉडी' हे पुस्तक लिहिलं. तो म्हणतो डोकं उत्तरेला करून झोपा. म्हणजे पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला! आमच्या आईने बघितलं तर शरीराबाहेर जायच्या आधी घराबाहेर जावं लागेल. असो.

तर मी पडतो. पहिली चार मिनिटं छान जातात. मग नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. नुसती खाज नाही, 'बघतोच किती वेळ थांबतोस' अशी. तिच्याकडे लक्ष दिलं की वाढते, आणि लक्ष न द्यायचं ठरवणं हेही लक्ष देणंच. तिला कसंबसं थोपवावं तर तोंडात लाळ साठते. एरवी आपण दिवसभर गिळत असतो आणि कळतही नाही, झोपेत तर लाळ जवळजवळ थांबतेच. पण जागेपणी उताणं पडून 'आता गिळायचं नाही' म्हटलं की आवंढा हे जगातलं एकमेव सत्य उरतं. साधारण पंधराव्या मिनिटाला टाचा बोलायला लागतात. मग माकडहाड. मग डोक्याचा मागचा भाग, जिथे उशी आहे की दगड हेच कळेनासं होतं. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेला मित्र म्हणाला, दुखणं नुसतं बघत रहा, येतं आणि जातं. खाजेच्या बाबतीत हे खरं निघालं. टाचेच्या बाबतीत नाही.

कारण टाच उगाच बोलत नाही. हाडावर जिथे मांस कमी तिथे अंगाच्या वजनाने बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पुरेसं पोचत नाही, आणि नस तक्रार करते. रात्री झोपेत आपण ही तक्रार न उठताच निकालात काढतो, कूस बदलून. म्हणजे मी ज्याला साधनेतला अडथळा म्हणत होतो तो अलर्ट होता. आणि प्रॉडक्शनचे अलर्ट म्यूट करणाऱ्याला आमच्या टीममध्ये काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे मला पुस्तकाने नाही, आजीने शिकवलं.

दिवाळीनंतर आजीला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, नुसती ताकद नाही, संवेदनाही. डॉक्टरांनी आईला बजावलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. शनिवारची रात्र माझी. मोबाइलवर बारा, दोन आणि चारचा गजर. एअर बेडचा पंप रात्रभर घुरघुरत असतो. आजीला ओढायचं नाही, कातडी घासते. तिच्याखाली घडी केलेली चादर असते ती धरून उचलायचं आणि वळवायचं. पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहते. मग टॉर्च लावून टाचा आणि माकडहाड बघायचं. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. दाबल्यावर पांढरं पडलं तर ठीक. लालच राहिलं तर जखमेची सुरुवात.

मागच्या खेपेला दोनच्या गजराला डावी टाच लालच राहिली. आजीला विचारलं, दुखतंय का गं? म्हणाली, "नाही रे बाळा, काही नाही." आणि मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघून, "हा कुणाचा हात ठेवलाय इथे?"

मी म्हटलं, "आजी, तुझाच आहे." तिला ते पटलं नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. आणि मला एकदम जिनिव्हा आठवलं. तिथे २००२ साली ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एका अपस्माराच्या रुग्णाची हकीकत छापली. तपासणीसाठी तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, अँग्युलर गायरस नावाच्या भागात, विजेचा सौम्य प्रवाह देत होते. कमी प्रवाहाला तिला गादीत रुतल्यासारखं वाटलं. वाढवल्यावर ती वरून स्वतःला पलंगावर पडलेली बघत होती, फक्त पाय आणि कमरेकडचा भाग. त्या भागाच्या आसपास मेंदू तोल, स्पर्श आणि नजर यांची सांगड घालून 'हा मी, आणि मी इथे आहे' हे ठरवतो. कॉलेजात असताना हे वाचून मी 'भारी!' म्हटलं होतं. रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात, तो शब्द काही आठवला नाही.

मी रविवारी अजूनही पडतो, खोटं कशाला बोलू. कुतूहल आहेच. फक्त टाच बोलली की पाय हलवतो. मग त्या दिवसापुरतं सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून.

आजीच्या टाचेवरचा डाग मंगळवारी फिका झाला, आईने फोनवर सांगितलं. चारचा गजर आता साडेतीनला लावलाय.