गाडी कुठंय यात?

शाळेच्या छायाचित्र स्पर्धेचा विषय होता ‘रेल्वे’. परीक्षक मी. कसारा घाटातल्या वळणावरची, डबा न् डबा स्पष्ट दिसणारी गाडी. तिला मी पहिला क्रमांक दिला. आठवीतल्या एका मुलीचा फोटो बाजूला ठेवला. त्यात गाडी धूसर होती. पुढे फलाटावर तिची अम्मी धाकट्याला चपातीचा घास भरवत होती. “गाडी कुठंय यात?” मी सगळ्यांसमोर विचारलं. ती गप्प राहिली.

नंतर ओ. विन्स्टन लिंक यांचा १९५६ सालचा फोटो पाहण्यात आला. अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया. रात्री लोक आपापल्या मोटारींत बसून उघड्यावरचा सिनेमा पाहताहेत आणि पलीकडून वाफेचं इंजिन धूर सोडत चाललंय. त्या काळात तिथली वाफेची इंजिनं बंद होत चालली होती. लिंक यांनी इंजिनासोबत त्याच्या शेजारानं जगणारी माणसंही टिपून ठेवली.

मी फक्त गाडी किती स्वच्छ दिसते, ते पाहिलं. ती कुणाच्या आयुष्यातून जाते, हे त्या मुलीला दिसलं होतं.

ती आता दहावीत आहे. चूक सगळ्यांसमोर केली, कबूलही सगळ्यांसमोरच करायला हवी.