सीडीचे कव्हर टाकू नका

जुन्या भीमगीतांच्या सीड्यांची देवाणघेवाण मी गेली काही वर्षे करतो. आता ती इंटरनेटवरून होते. समोरचा बांधव नागपूरचा, मी ठाण्याचा. त्याला वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही; त्याच्यापाशी असतो फक्त माझा शब्द. तो खरा हवा.

"सीडी चांगली आहे" एवढ्याने भागत नाही. कव्हर मूळ छापील आहे की झेरॉक्स? गाण्यांच्या यादीचा मागचा कागद आहे का? डबी फुटली आहे का? मधले दाते शाबूत आहेत का? हे सौद्याआधी सांगावे. मला एकदा नुसती तबकडी आली. गाणी नीट वाजली, गायकही ओळखू आला. पण कवी कोण, संगीत कुणाचे, ढोलकीवर कोण, काहीच कळेना. विचारले तर उत्तर आले, "कव्हर कशाला? गाणी आहेत ना!"

हे उत्तर मला सलते. कॅसेट असो की १९८२ साली बाजारात आलेली सीडी, तिच्यात आवाज राहतो. माणसांची नावे राहतात कागदावर. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत, म्हणून त्यांचे गाणे कव्हराशिवायही ओळखता येते. ढोलकीवाल्याला आणि कोरसवाल्याला ती सोय नाही. दिवसा मजुरी करून रात्री गायनपार्टीत उभे राहणाऱ्या या माणसांची नोंद कोणत्या ग्रंथात झाली? झाली असेल तर त्या बारा सेंटिमीटरच्या कागदावर. ज्यांचा इतिहास लिहायला कुणी बसले नाही, त्यांनी हातातला पुरावा तरी फेकू नये.

टपालाने पाठवताना कागद डबीतून काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावा. डबी फुटली तर दुसरी मिळते, कागद मिळत नाही. तबकडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने लिहू नये. गाणे साठवलेला थर त्याच बाजूला, पातळ लेपाखाली असतो. चकाकत्या बाजूचा ओरखडा कधीकधी घासून जातो, वरचा जात नाही. कव्हर नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि खात्रीने माहीत असलेली नावे चिठ्ठीवर लिहून द्यावीत.

झेरॉक्स लावून ती मूळ म्हणून देणे ही फसवणूकच. पंचशीलातले चौथे शील विहारात म्हणायचे आणि व्यवहारात विसरायचे, हे आपल्याला शोभत नाही. सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका एकाच मार्गाची अंगे आहेत.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर घेतलेल्या सीड्या अनेक घरांत माळ्यावर पडून असतील. त्या देण्याआधी कव्हर शोधा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि त्यावरची नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

जयभीम!