गाडीचा गिअर, अर्थिंग आणि माझी वही



आजची नोंद भाताची नाही, गाडीची आहे. आता गावात बऱ्याच जणांच्या अंगणात एखादी जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली गाडी उभी असते. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावं. कुणाचे तरी पैसे वाचतील.

पॉवर टिलर अंगावर आला तेव्हापासून माझा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये शंभर वेळा क्लच दाबायचा म्हणजे रात्री गुडघा शेकतच बसायचं. म्हणून पोराने हप्त्यावर ऑटो गिअरची जुनी गाडी घेतली. ही पद्धत आपल्याकडे स्वस्त गाड्यांत २०१४ साली सेलेरिओपासून आली, मग बाकीच्या कंपन्यांनीही आणली. माझी कुठली ते लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. यात गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीच्या गाडीसारखेच असतात. फक्त आपला पाय आणि हात जे करतात ते एक छोटी मोटर, पंप आणि कॉम्प्युटर मिळून करतात. म्हणजे गिअर पडायला वीज लागते. हे मला आधी नीट कळलं नव्हतं.

जुलैत एका संध्याकाळी मंडळींना डोळ्याचं इंजेक्शन देऊन ठाण्याहून परत येत होतो. साखरेमुळे तिचा पडदा सुजतो, दर महिन्याला जावं लागतं. पाऊस धो धो, लाईट चालू, वायपर चालू, काच पुसायला ब्लोअर चालू. कशेळीच्या पुलाच्या चढावर गाडीला हिसका बसला, गिअरचा आकडा गेला आणि समोर एन लुकलुकायला लागला. एक्सलेटर दाबतोय, इंजिन नुसतं ओरडतंय. गाडी हातभर मागे सरकली. मागे कंटेनर. ब्रेक दाबला, चारी इंडिकेटर लावले, गाडी बंद करून परत चालू केली, तेव्हा गिअर पडला. घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. दारात उतरल्यावर म्हणाली, "अहो, मी परत यात बसणार नाही."

पुढच्या तारखेला ती खरंच बसली नाही. रिक्षा, एसटी, परत रिक्षा असं जाऊ म्हटलं तर त्या दिवशी पाणी भरलं आणि इंजेक्शन चुकलं. मी राग पोरावर काढला. "भंगार उचलून आणलंस," असं चार माणसांत बोललो. ते बोलायला नको होतं.

गॅरेजला दाखवली. मशीन लावलं तर एकदम तीन ठिकाणचे कोड आले: गिअरचा, एबीएसचा आणि स्टेअरिंगचा. आधी बॅटरी बदलली. फरक शून्य. मग सांगितलं, गिअर टाकणारा अख्खा सेट बदला, मजुरी धरून ४६ हजार. मी घरी येऊन हिशेब केला. २०२४-२५ चा साध्या भाताचा हमीभाव २३०० रुपये क्विंटल. ४६ हजार म्हणजे बरोब्बर वीस क्विंटल भात. एक एकरात माझा तेवढा होतही नाही.

थोडं थांबू म्हटलं. पिकाची वही लिहायची सवय आहेच, गाडीचंही त्यातच लिहायला लागलो. कधी बिघडली, किती वाजता, पाऊस होता का, काय काय चालू होतं. तीन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. सातपैकी सहा वेळा लाईट चालू होते. दिवसा, कोरड्यात, अंबाडीहून भिवंडीला भेंडी घेऊन गेलो तर एकदाही त्रास नाही. आणि संध्याकाळी सिग्नलला उभं राहिलो की लाईट मंद, हॉर्न घोगरा, वायपर दमल्यासारखा.

ही वही मी लूमवरच्या मोटरी बघणाऱ्या एका ओळखीच्या वायरमनला दाखवली. तो गाडीचा मिस्त्री नाही. वाचून म्हणाला, "काका, एका शेडमधल्या सगळ्याच मोटरी एकदम कुरकुरायला लागल्या तर मी मोटर खोलत नाही. आधी लाईन बघतो, न्यूट्रल बघतो."

मी म्हटलं, बॅटरी तर नवी आहे आणि सेल्फही जोरात मारतो. तो म्हणाला, सेल्फची अर्थ वायर वेगळी, इंजिनाला जाते. बाकी लाईट आणि कॉम्प्युटर यांची बॉडीला असते.

मग त्याने मीटर काढला. तुम्हीही करू शकता म्हणून नीट लिहितो. मीटर २० व्होल्ट डीसीवर. इंजिन चालू, लाईट, ब्लोअर, मागच्या काचेची तार, सगळं चालू. हात आणि वायरी पंखा-पट्ट्यापासून लांब ठेवायच्या.

पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर: १४.१. साधारण साडेतेरा ते साडेचौदा असलं की चार्जिंग ठीक.

दुसरं माप बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या लोखंडावर: ०.०६. चांगलं.

तिसरं माप बॅटरीच्या मायनसपासून बॉडीच्या उघड्या पत्र्यावर, रंगावर नाही: १.३. इथे ०.२ च्या वर जायला नको. मग मी ब्रेकवर पाय ठेवून गिअर टाकला, पंप चालू झाला आणि आकडा अडीचच्या वर उडाला. म्हणजे बॅटरीत १४ होते, पण कॉम्प्युटरला साडेअकराच मिळत होते.

तरी त्याने लगेच काही खोललं नाही. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं बॉडीच्या स्वच्छ बोल्टला. लाईट एकदम पांढरे पडले. गिअर दहा वेळा टाकला, दहाही वेळा पडला. केबल काढली की परत कुरकुर. तिथेच रोग ठरला.

बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला जाणारी अर्थ पट्टी होती. लग हिरवा-पांढरा झालेला, अर्ध्या तारा कुजलेल्या. आणि हे कुणी केलं? मीच. दर चिखलणीनंतर फवारणीच्या एचटीपी पंपाने मी बोनेट उघडून इंजिन धूत होतो. प्रेशरचं पाणी सांध्यांत घुसत होतं, वर खताचा अंश.

नवी पट्टी, दोन लग, पॉलिश पेपर, वर व्हॅसलीन. साडेतीनशे रुपये. काढताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, लावताना शेवटी लावायचा. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर क्लचचं माप मशीनने परत शिकवावं लागतं, तेवढं विचारून घ्या.

प्रत्येक हिसका अर्थिंगचाच असतो असं नाही. लाईट असो-नसो, चढावर किंवा गाडी तापल्यावर घसरत असेल आणि जळका वास येत असेल, तर क्लच बघा. गिअरच्या पंपाचं तेल कमी आहे का बघा. ब्रेक दाबूनही गिअर पडत नसेल तर मागे ब्रेक लाईट लागते का ते कुणाला तरी बघायला सांगा. ब्रेकचा स्विच गेला तरी असंच होतं. पेंढ्याजवळ गाडी उभी करत असाल तर उंदराने वायर खाल्ली आहे का तेही. हे सगळं बघून झालं की मग महागाचा पार्ट.

लावणीनंतर तीन आठवड्यांनी पातीवर तांबूस ठिपके येतात तेव्हा आपण असंच करतो ना? पीक पिवळं दिसलं की युरिया. खैरा असेल तर कमी झिंकची असते, युरियाच्या गोण्या रिकाम्या होतात आणि ठिपके तसेच. गाडीत मी नवी बॅटरी टाकली तो माझा युरिया.

पट्टी बदलून दोन महिने झाले, वहीत गाडीची नवी नोंद नाही. आधी आठवडाभर रोज संध्याकाळी, सगळे लाईट लावून, मी एकटाच कशेळीच्या पुलावर जाऊन आलो. मग पोराला सांगितलं, गाडी चांगली आणलीस, मी चुकीचं बोललो. तो हसला फक्त.

गेल्या इंजेक्शनला मंडळी गाडीतून आल्या. पुलाचा चढ आला तसा हिने वरचं हँडल धरलं. उतार लागला तसं सोडलं.

एक चुकलेल्या इंजेक्शनचं काय नुकसान झालं ते डॉक्टर पुढच्या तपासणीत सांगतील. त्याचं मात्र मनाला लागून आहे.

कुणाला असा अनुभव असेल तर खाली लिहा. पुढची नोंद वालाच्या पेरणीची.