पी-५३ पॉझिटिव्ह

मामांच्या गालातल्या गाठीचा रिपोर्ट माझ्या हातात होता. चाळीसगावात आमचं बियाण्यांचं दुकान. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. कॅन्सर हा शब्द वर होताच. मामांनी आयुष्यभर तंबाखू-चुना दाढेखाली धरला, त्यामुळे हात थरथरले तरी धक्का बसला नाही. अडलो ते खालच्या ओळीवर : पी-५३, तीव्र पॉझिटिव्ह.

रात्री मोबाइलवर शोधलं. हे प्रथिन पेशीला कॅन्सरपासून वाचवतं, असं जिथं-तिथं लिहिलेलं. मग ते भरपूर आहे म्हणजे चांगलंच की! आईनं दोनदा विचारलं, "म्हंजे बरं शे ना भाऊ?" मी दोनदा हो म्हणालो.

पुण्यात एम.एस्सी. करणारी पुतणी सुट्टीवर आली होती. रिपोर्ट पाहून ती हळूच म्हणाली, "काका, हे तसं नाही."

निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होतं आणि सतत मोडीतही निघतं. वीसेक मिनिटांत निम्मं संपतं. एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरतं आणि नष्ट करायची खूण लावतं. हे लागतंच, कारण पी-५३ मोकाट सुटलं तर धडधाकट पेशीही मरतील. एमडीएम-२ नसलेले उंदीर गर्भातच मरतात; सोबत पी-५३ही काढून टाकलं तर जगतात. तंबाखूतल्या रसायनांनी डीएनएला इजा झाली की पी-५३वर फॉस्फेट चिकटवले जातात, एमडीएम-२ची पकड सुटते आणि पी-५३ साठू लागतं. मग ते पी-२१ हे जनुक चालू करतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. दुरुस्ती जमली तर ठीक, नाहीतर ते पेशीला मरायला लावतं. आणि एमडीएम-२चं जनुकही तेच चालू करतं! स्वतःला आवरणारा स्वतःच घडवायचा, हे ऐकून मी थक्क झालो.

"आपल्या टाकीतला बॉल कॉक बघा," ती म्हणाली. "पाणीच फुगा उचलतं आणि पाणी बंद करतं. टाकी वाहायला लागली तर काय समजता?"

"कॉक बिघडला."

पी-५३च्या जनुकातच बिघाड झाला की तयार होणारं प्रथिन एमडीएम-२ घडवू शकत नाही. मोडणारा नाही, म्हणून ते साठत राहतं, आणि तपासणीत गडद रंग दिसतो. पहारा मात्र शून्य. कधी बिघाड असा असतो की प्रथिनच बनत नाही. तेव्हा रंग अजिबात येत नाही, आणि तेही तितकंच वाईट.

शास्त्रज्ञही इथंच चकले होते, हे तिच्याकडून कळलं. १९७९मध्ये हे प्रथिन सापडलं, ते गाठींमध्ये भरपूर दिसे, म्हणून कॅन्सर वाढवणारंच मानलं गेलं. त्यांनी वेगळी काढलेली जनुकं मुळात बिघडलेली होती. १९८९मध्ये बर्ट फोगेलस्टाइन आणि इतरांच्या कामातून ते कॅन्सर रोखणारं असल्याचं पुढं आलं. दहा वर्षं! आज माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हेच जनुक बिघडलेलं सापडतं.

मामांचे उपचार या ओळीवरून ठरणार नव्हते. गाठ केवढी आहे, मानेत उतरली आहे का, यावर ठरणार होते. पण आईला मी चुकीचं सांगून बसलो होतो. सकाळी ती पाणी भरत होती, तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले.

"मुंबईनी गाडी कितला वाजता शे?"