कॉफीचे दळण आणि लेकीची वही

कॉफी म्हटली की आपल्या घरांतून दुधात उकळलेली, जायफळ घातलेली गोड कॉफी डोळ्यांसमोर येते. रात्री जागायचे असले किंवा कोणी आजारातून उठलेले असले, की ती व्हायची. एरवी चहा. एस्प्रेसो हा प्रकार याहून अगदी निराळा आहे. बारीक दळलेली कॉफी घट्ट दाबायची, तिच्या थरातून नव्वद-पंचाण्णव अंश सेल्सियसचे पाणी जोराच्या दाबाने सोडायचे आणि अर्ध्या मिनिटात दोन घोटांचा दाट अर्क काढायचा. ही युक्ती इटलीची. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेवर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी त्यात सुधारणा केली. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा यांच्या दांड्याच्या यंत्राने दाब वाढला आणि कॉफीवर तपकिरी साय येऊ लागली. तिला क्रेमा म्हणतात. आजची यंत्रे साधारण ९ बार दाबावर चालतात, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे नऊ पट.

हे सर्व आम्हा उभयतांना साठीनंतर कळले, ते आमच्या धाकट्या मुलीमुळे. रसायनशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली आणि पुण्यातील एका कॉफीच्या दुकानात कॉफी करण्याच्या कामाला लागली. लग्नकार्यात नातेवाईक भेटले की एकच प्रश्न येतो, "एवढं शिकवलं आणि पोरगी शेवटी कपच विसळते का?" विचारणारे परके नसतात. त्यांच्या आणि आमच्या आईबापांनी लोकांची उष्टी भांडी उचलली, आणि आपली पोरे त्यातून सुटावीत म्हणून पोटाला चिमटा घेतला. म्हणून तो प्रश्न टोचतो आणि हसून उडवूनही लावता येत नाही. उत्तर द्यायचे तर काम जवळून पाहिले पाहिजे, असे आम्ही ठरवले आणि मुलीला म्हणालो, "एकदा घरी करून दाखव."

तिने यंत्र आणले ते साधे, कोणाकडून तरी वापरलेले, ९ हजार रुपयांचे. पण बिया दळण्याचा ग्राइंडर मात्र नवा कोरा, हाताने फिरवायचा, १८ हजारांचा! आमच्या घरातून लगेच हरकत निघाली, "अगं, मिक्सर आहे की घरात. दळायला एवढे पैसे?" त्यावर ती म्हणाली, "मम्मी, मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं. त्यात काही धूळ होते, काही तुकडे राहतात. धुळीतून कडू उतरतं, तुकड्यातून आंबट, आणि दोन्ही एकाच कपात येतं. यंत्र मध्यम असलं तर चालून जातं. दळण मध्यम असलं तर चालत नाही."

हे पटायला आमच्या घरात एक माणूस आधीपासून तयार होते. आमच्या आई आता ८४ वर्षांच्या आहेत. आयुष्याची पहिली तीस वर्षे त्यांनी पहाटे उठून जात्यावर दळले. नातीने ग्राइंडर उघडून दाखवला. आत पोलादी दात्यांचा एक शंकू, त्याच्याभोवती दात्यांचे कडे आणि दोघांत केसाएवढी फट. आई म्हणाल्या, "हे तर जातंच की गं!" मग त्यांनी सांगितले, की वैरण थोडी घातली तर पीठ बारीक येते, जास्त घातली तर भरड पडते. दाते झिजले की टाकी लावणाऱ्याला बोलवावे लागते. ग्राइंडरच्या कड्याला खाचा आहेत. कडे एक खाच फिरवले की फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी बदलते, आणि तेवढ्यानेही कपातली चव बदलते.

आता मुख्य काम. नवे पाकीट फोडले की त्या बियांना योग्य दळण कोणते हे शोधून काढावे लागते. मुलीची त्यासाठी एक वही आहे. सुरुवातीचे माप ठरलेले असते. १८ ग्रॅम कॉफी घ्यायची, ३६ ग्रॅम अर्क काढायचा आणि तो २५ ते ३० सेकंदांत उतरला पाहिजे. कॉफी सोन्याच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर मोजायची, कपही त्याच काट्यावर ठेवायचा आणि शेजारी घड्याळ. त्या दिवशी पहिला कप १४ सेकंदांतच भरला. रंग फिका, चव कच्च्या चिंचेसारखी. वहीत नोंद झाली, "आंबट, पातळ. ६ खाचा बारीक." दुसरा २१ सेकंदांत आला, आंबटपणा कमी झाला. तिसऱ्याला आणखी ६ खाचा बारीक केल्यावर अर्क थेंबथेंब गळू लागला आणि ४३ सेकंद लागले. तो इतका कडू आणि तुरट होता की जीभ कोरडी पडली. मग ३ खाचा मागे. चौथा कप २८ सेकंदांत उतरला, मधासारख्या धारेने. आईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आता गुळाच्या काकवीवानी लागते."

या चार कपांत तिने दुसरे काहीही बदलले नाही, ना वजन, ना पाणी, ना दाबण्याचा जोर. आम्ही विचारले, "एकदम दोन गोष्टी बदलल्या तर लवकर नाही का सापडणार?" ती म्हणाली, "पप्पा, मग चव कशामुळे सुधारली हे कळणारच नाही. प्रयोगशाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं." २५० ग्रॅमच्या पाकिटाला ५५० रुपये पडतात, म्हणजे एका कपाला ४० रुपयांची कॉफी. चाचपडत बसणे परवडत नाही. नोंद ठेवली तरच पैसा वाचतो.

दळण नीट असूनही कप बिघडू शकतो. गाळणीत पूड एका बाजूला जास्त पडली किंवा तिरकी दाबली गेली, तर पाणी मऊ जागा शोधून तिथूनच पळते. शेतात बांध फुटला की पाणी एकाच वाटेने जाते आणि बाकीचे वाफे कोरडे राहतात, तसेच हे. म्हणून ती पूड बारीक सुयांनी मोकळी करते, सारखी पसरते आणि मग सपाट दाबते. फार बारीक दळणेही चांगले नाही. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले, की एका मर्यादेपलीकडे बारीक केल्यास थर जागोजाग तुंबतो आणि अर्क उलट कमी उतरतो. दळताना पूड विजेच्या भाराने भांड्याला चिकटते. त्यासाठी बियांवर आधी पाण्याचा थेंब शिंपडतात. त्याचे कारणही २०२३ साली याच विद्यापीठातील संशोधनाने स्पष्ट केले. हे लेख मुलीने दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी वाचून काढले आहेत.

एकदा सापडलेले माप कायमचे नसते. बिया भाजल्यावर आठ-दहा दिवस त्यांतून वायू निघत असतो, तेवढे थांबावे लागते. पुढे त्या शिळ्या होऊ लागल्या की दळण थोडे बारीक करावे लागते. गडद भाजलेल्या बियांना जाडसर दळण चालते, फिक्या भाजलेल्यांना बारीक लागते. पावसाळी हवेतही फरक पडतो. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी ती हे सर्व नव्याने जमवते. सध्या आमच्याकडे आंध्रातील अराकू खोऱ्याची कॉफी आहे. ती तिथले आदिवासी शेतकरी पिकवतात आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या अमरावती जिल्ह्यातही चिखलदऱ्याला कॉफी होते. तिथल्या बिया मिळाल्या की वहीत नवे पान उघडायचे आहे.

चवीची जाण काही ठराविक घरांतच जन्माला येते, असा समज अजूनही आहे. आमच्या ओट्यावर आम्ही वेगळे पाहिले. काटा, घड्याळ, वही आणि धीर असला की आंबट कोठे संपते आणि कडू कोठे सुरू होते हे कोणालाही शिकता येते. आमच्या आईंनी ते ८४ व्या वर्षी एका दुपारी शिकून घेतले. उष्टी भांडी उचलण्याच्या कामात शिकण्याची वाट बंद होती. काम करणाऱ्याला कोणी विचारतही नसे. इथे आमची मुलगी विचार करते, मोजते, लिहिते आणि नव्याने आलेल्या मुलामुलींना शिकवते. कपही विसळते, कारण कप स्वच्छ नसला तर चव कळत नाही.

वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी काही निराळे काम करीत असेल, तर पगार विचारण्याआधी ते काम कसे करतात हे एकदा विचारावे, आणि जमल्यास शेजारी उभे राहून पाहावे. कॉफी आवडली नाही तरी हरकत नाही. आमच्या घरी अजून सकाळी चहाच होतो.