बंदोबस्तातले बेचाळीस किलोमीटर

बीजिंगच्या मेट्रोत शिरायचं तर पाठीवरची पिशवी प्रत्येक वेळी एक्स-रेच्या पट्ट्यावरून जाते. हातात पाण्याची बाटली दिसली की गणवेशातली पोरगी खुणेनं सांगते, एक घोट पिऊन दाखवा. ऑफिसच्या गर्दीतही हाच नियम, आणि भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या आजीबाईंनाही हाच. कुणी कुरकुर करत नाही. आमच्या पुण्याच्या धावण्याच्या ग्रुपमधले काका मूळचे कोल्हापूरचे, साठी उलटलेली. पहिल्याच दिवशी शहर बघत हिंडताना घोट घोट पिऊन ते वैतागले. "पोरी, कार्ब लोडिंग राहू दे बाजूला, माझं वॉटर लोडिंगच चाललंय हितं!"

आम्ही आलो होतो ३ नोव्हेंबर २०१९ च्या बीजिंग मॅरेथॉनसाठी. जागा तीस हजार, अर्ज लाखाच्या वर, म्हणून लॉटरी. ग्रुपमधून आम्हा दोघांचाच नंबर लागला. चीनमध्ये तेव्हा पळण्याचं वेडच लागलं होतं. २०११ साली अख्ख्या देशात मॅरेथॉनच्या जेमतेम बावीस स्पर्धा होत. २०१४ च्या अखेरीस सरकारनं अशा स्पर्धांसाठी लागणारी वरची मंजुरी काढून टाकली आणि मग गावोगावच्या प्रशासनाला कळलं की मॅरेथॉन म्हणजे हॉटेलं भरतात, टीव्हीवर गाव दिसतं, साहेबांना झेंडा दाखवायला मिळतो. २०१९ मध्ये लहानमोठ्या धरून १,८२८ स्पर्धा झाल्या. त्यात हौशे, नवशे, गवशे सगळेच आले. आदल्याच वर्षी शेनझेनच्या अर्धमॅरेथॉनमध्ये २५८ जण लबाडी करताना सापडले. त्यांतले बहुतेक रस्त्याच्या मधली झाडं ओलांडून पलीकडच्या लेनमधून परतले होते. वाहतुकीच्या कॅमेऱ्यांनी त्यांना टिपलं. वाहनांसाठी लावलेले कॅमेरे माणसांच्या कामी आले, एवढंच.

म्हणूनच बहुधा, बीजिंगमध्ये बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, घेतानासुद्धा कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं. चेहरा पासपोर्टवरच्या फोटोशी जुळला की आत. काकांनी फोटोनंतर मिशा वाढवल्या होत्या. यंत्रानं त्यांना दोनदा न्याहाळलं, मग सोडलं. बाहेर आल्यावर काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बघितलंस? यंत्रालाबी कळंना कुठल्या तालमीतला गडी म्हणून."

शर्यत सुटते तिआनआनमेन चौकातून, सकाळी साडेसातला. त्या बाजूची मेट्रो स्टेशनं त्या दिवशी बंद असतात. अलीकडे उतरून अंधारात चालत जायचं, आणि चालताना तपासणीमागून तपासणी. बिब, मनगटावरचा पट्टा, पिशवी, पुन्हा बिब. थंडी चांगलीच होती. लोकांनी अंगावर जुने स्वेटर, प्लास्टिकचे रेनकोट, हॉटेलातल्या चपला असलं काहीबाही चढवलं होतं. शर्यत सुटताना हे सगळं फेकून द्यायचं असतं आणि स्वयंसेवक ते गोळा करतात. दंडाला लाल फीत बांधलेली माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी. त्यात निवृत्त आजी-आजोबा जास्त. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनपेक्षा त्यांची नजर तिखट.

चौकात शिरल्यावर मात्र मी थबकले. समोर तो दरवाजा आणि माओचं चित्र, जे आपण लहानपणापासून बातम्यांत बघत आलो. एरवी इथे दहाजणांनी उगीच घोळका करून उभं राहिलं तरी कुणीतरी येऊन विचारेल. पुढचा छांगआन मार्ग म्हणजे रस्ता नव्हेच, संचलनाचं मैदान. महिन्याभरापूर्वीच, १ ऑक्टोबरला, चिनी प्रजासत्ताकाला सत्तर वर्षं झाली म्हणून याच डांबरावरून रणगाडे आणि क्षेपणास्त्रं गेली होती. आता तिथं तीस हजार माणसं चड्डी-बनियनवर उड्या मारत अंग गरम करत होती. कुणी सेल्फी काढतंय, कुणी गुडघ्याला पट्टी लावतंय, कुणी केळं खातंय. या शहरात एवढी माणसं या जागी आपल्या पायांनी, आपल्या हौसेनं जमण्याचे वर्षातले दिवस फार थोडे असावेत. अर्थात प्रत्येकाचा नंबर, चेहरा आणि नाव नोंदवून. बायकांची शर्यत इथे १९८९ मध्ये सुरू झाली, हे मी येण्याआधी वाचलं होतं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये या चौकात काय झालं तेही माहीत होतं. त्याबद्दल इथे कुणाला विचारायचं नसतं, आणि मी विचारलं नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा उभे होते. जॅकेटवर जुन्या शर्यतींचे बिल्ले, पायात झिजलेले बूट. इंडिया म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते 'आमिर खान' म्हणाले. दोन वर्षांपूर्वी 'दंगल' चीनभर धो धो चालला होता, त्याची ही पुण्याई. काकांनी लगेच शड्डू ठोकून दाखवला. आसपासच्या पाचपन्नास फोननी तो टिपला. आजोबांनी मोबाइलवरच्या भाषांतरकाराला काहीतरी सांगितलं आणि त्यातली बाई इंग्रजीत बोलली की यांनी २०१४ ची बीजिंग मॅरेथॉनही पळलेली आहे. पाठोपाठ फोटो. करड्या धुरकटात नाकातोंडावर मुसकं बांधलेले आजोबा, मागं दरवाजा नुसता अंदाजानं ओळखावा असा. त्या दिवशी हवेतल्या सूक्ष्म कणांचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेच्या दहा पटींहूनही जास्त होतं. आयोजकांनी शर्यत रद्द केली नाही. उलट पळणाऱ्यांना अंग पुसायला वाटेवर दीडेक लाख स्पंज ठेवले. बाहेरून चकाचक व्हा, आतलं तुमचं तुम्ही बघा! मी विचारलं, मग पळालात कशाला? फोनमधली बाई म्हणाली, "नंबर लागला होता."

मग राष्ट्रगीत सुरू झालं. तीस हजार गळे एकदम. आजोबा ताठ उभे, डोळे समोर. काकाही सावधानमध्ये गेले. सैन्यात नव्हते कधी, पण शाळेचं वळण. मला त्या सुरात भारावून जाता आलं नाही आणि हसूही आलं नाही. चीनमध्ये धावणारा कधी स्वतःसाठी पळतो आणि कधी देशासाठी, हे त्यालाही नेहमी ठरवता येत नसावं. २०१८ ची सूचोची शर्यत आठवा. हे यिनली ही त्यांची धावपटू शेवटच्या टप्प्यात इथिओपियाच्या मुलीशी खांद्याला खांदा लावून पळत होती. ऐन त्या वेळी स्वयंसेवक मध्ये घुसून तिच्या हातात राष्ट्रध्वज द्यायला लागले. एकदा नाही, दोनदा. ती पाच सेकंदांनी हरली. पुढे नेटवर तिलाच झोडपलं, झेंडा खाली का पडू दिला म्हणून.

शर्यत सुटली. पहिले काही किलोमीटर पश्चिमेकडे, सरळसोट. आपल्याकडचा सहापदरी हायवे इथे गल्लीसारखा वाटेल इतका रुंद रस्ता. डावीकडे नॅशनल थिएटरचा काचेचा आणि टायटॅनियमचा घुमट, अंड्यासारखा पाण्यात बसलेला. उजवीकडे लांबच लांब लाल भिंत आणि शिनह्वा दरवाजा. त्याच्यामागे चुंगनानहाय, म्हणजे देशाचे सर्वेसर्वा राहतात, कारभार करतात ती जागा. पहारेकरी पुतळ्यासारखे. आमच्यातला एकही त्यांच्याकडे बघून हात हलवत नव्हता. या लाल भिंतींचीही एक कहाणी आहे. पूर्वी इथे शौचालयं कमी असत आणि सुटल्यासुटल्या पुरुषमंडळी ओळीनं भिंतीकडे तोंड करून उभी राहत. वर्षानुवर्षं तेच फोटो, तीच शरम. शेवटी आयोजकांनी शौचालयं वाढवली, असं करणाऱ्यावर कारवाईची तंबी दिली. आता भिंतीजवळ कुणी दिसलं नाही. पाच हजार वर्षांची संस्कृती वगैरे सांगणाऱ्या शहराला शेवटी फायबरच्या केबिनींनीच सोडवलं.

या सगळ्या पट्ट्यात एक गोष्ट मला फार जाणवली. आवाज नाही. बुटांची थपथप, श्वास, घड्याळांचं पिपपिप, बस्स. प्रेक्षकांना कठड्यांमागे बरंच लांब ठेवलं होतं. मुंबईत सीएसएमटीहून सुटलं की पहिल्या वळणापासून ढोल असतो, पेडर रोडला नाइट ड्रेसमधल्या काकू संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या असतात, चिक्की हातात कोंबतात. इथे राजरस्ता नुसता रिकामा आणि स्वच्छ. पाय मोकळे पडतात, वेगही मिळतो, पण मन लागत नाही. शीदान गेलं, फुशिंगमेन गेलं. तिथून पुढे हळूहळू शहराला कंठ फुटला.

तिसऱ्या रिंग रोडकडे वळल्यावर पुलावर माणसं दिसायला लागली. कुणी भांडं वाजवतंय, कुणी पोराला खांद्यावर घेतलंय. "ज्यायो! ज्यायो!" म्हणजे 'जोर लावा', हा एकच पुकारा, पण म्हणणाऱ्याच्या वयाप्रमाणे त्याची चाल बदलते. चुंगक्वानत्सुनच्या विद्यापीठांच्या पट्ट्यात तर पोरापोरींनी कहर केला. हातांनी रंगवलेले फलक, ओरडून बसलेले घसे, टाळ्या द्यायला पुढे केलेले शेकडो हात. एका मुलीनं माझ्या बिबवरचा तिरंगा बघून पुन्हा 'आमिर खान' म्हटलं. शर्यतीत माझ्यावर दोनच गोष्टी लादल्या गेल्या, आमिर खान आणि चेरी टोमॅटो. पाण्याच्या टेबलांवर केळ्यांच्या फोडींशेजारी हे टोमॅटो वाट्यांत भरून ठेवलेले. पहिल्यांदा नवल वाटलं, मग त्यांची अशी चटक लागली की पुढचं टेबल कधी येतंय याची वाट बघू लागले. तोंडातला जेलचा चिकट गोडवा त्यांच्या आंबट रसानं एका चाव्यात धुऊन जातो.

तिथंच काकांनी मला गाठलं. त्यांना मी चिंगयुआनची गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. २०१६ च्या तिथल्या मॅरेथॉनमध्ये भेटपिशवीत रंगीत वेष्टनातल्या साबणाच्या वड्या होत्या, आणि काही धावपटूंनी त्या एनर्जी बार समजून खाल्ल्या. तेव्हापासून काका टेबलावरची प्रत्येक वस्तू आधी हुंगून तोंडात टाकत होते. मीठ लावलेल्या लोणच्याची पुडी एका बाईनं त्यांच्या हातात ठेवली. अधिकृत टेबल नव्हतं ते, घरून आणलेली टोपली घेऊन ती आणि तिचा नवरा फुटपाथवर उभे होते. काकांनी हुंगलं, चाखलं, डोळे मिटले. "आईच्यान सांगतो, हे आपल्या खाराच्या मिरचीच्या जवळपास जातंय." दुसरी पुडी मागून घेतली तेव्हा बाई खुदकन हसली.

इथले पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचवणारे धावपटू, पाठीला फुगा बांधून पळतात, त्यावर वेळ लिहिलेली. त्यांना 'ससे' म्हणतात. आमचा ससा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास डोळ्यांसमोरून निसटला. चौथा रिंग रोड म्हणजे सपाट सिमेंटचा कंटाळा. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सोसण्यासारखं आहे. ऑलिम्पिक फॉरेस्ट पार्कमध्ये शिरलो तेव्हा पोटऱ्यांत गोळे येऊ लागले होते. हे बीजिंगच्या धावणाऱ्यांचं सरावाचं घर, एरवी ते रोज इथे फेऱ्या मारतात, म्हणून वळणावळणावर त्यांचे क्लब आपापले झेंडे लावून उभे. आपला गडी दिसला की आख्खा क्लब दहा पावलं त्याच्याबरोबर पळतो. एका पोरानं मला लंगडताना बघितलं, हातातला डबा दाखवला, भुवया उंचावून विचारलं, चालेल? मी पाय पुढे केला. युन्नान बायाओचा फवारा. कापूर-पुदिन्यासारखा उग्र वास, त्वचेवर बर्फ. चीनमधल्या कुठल्याही शर्यतीच्या शेवटच्या दहा किलोमीटरला याच औषधाचा वास येत असणार. त्यानं दोन्ही पोटऱ्या नीट फवारल्या, मग गुडघ्याकडे बोट दाखवलं. मी नाही म्हटलं तरी तिथेही फवारलं.

शेवटच्या वळणावरून बर्ड्स नेस्टचं लोखंडी जाळं दिसलं. २००८ मध्ये टीव्हीवर बघितलेलं. पाय ओढत रेषा ओलांडली, गळ्यात पदक पडलं. काका माझ्या आधीच पोचून गवतावर उताणे पडले होते. पुढच्या टोकाला केनियाचा मॅथ्यू किसोरिओ २ तास ७ मिनिटं ६ सेकंदांत पोचून केव्हाच आंघोळ करून बसला असेल. त्यानं स्पर्धेचा विक्रम मोडला होता. या स्पर्धेत जपानच्या ताइसुके कोदामानं १९८६ मध्ये लावलेली २:०७:३५ ची वेळ २०१३ पर्यंत कुणाला मोडता आली नव्हती. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याला नाष्टा कुठं मिळंल ते सांग आधी."

नाष्टा मिळणं तेवढं सोपं नव्हतं. कोपऱ्यावरच्या नूडल्सवाल्यानं आमच्या युआनच्या नोटेकडे असं बघितलं की जणू आम्ही कवड्या पुढे केल्या. सगळं शहर मोबाइलवर पैसे देतं, आणि आमच्या भारतीय कार्डाला त्यांच्या ॲपमध्ये जागा नव्हती. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद असल्यानं घरी पदकाचा फोटो गेला नव्हता, तो राग होताच. गल्ल्यात सुट्टे नाहीत, तो मालक शेजारी विचारायला निघाला. तेवढ्यात मागून एक हात पुढे आला आणि फोननं भिंतीवरचा कोड टिपला. सकाळचे आजोबा. पदक जॅकेटच्या आत, कपाळावर मिठाची पांढरी रेघ. काकांनी नोट त्यांच्या खिशात कोंबायचा प्रयत्न केला, आजोबांनी ती दुप्पट जोरानं परत कोंबली. ही झटापट आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलच्या काउंटरवर चालते तशीच चालली, आणि आजोबा जिंकले.

तिघं एका टेबलावर बसलो. वाफाळत्या सूपात जाड नूडल्स, वर कोथिंबीर. आजोबांनी फोन मध्ये ठेवला आणि विचारलं, तुमच्याकडची मोठी शर्यत कुठली? मुंबई, जानेवारीचा तिसरा रविवार, मी सांगितलं. समुद्रावरच्या पुलावरून पळतात हे ऐकून त्यांनी घास थांबवला. तपासणी किती वेळा होते? काका म्हणाले, "एकदा. आणि घोट प्यायला लावत नाहीत." भाषांतरवाल्या बाईला घोटाचं नीट जमलं नसावं, कारण आजोबा गोंधळून आमच्याकडे बघत राहिले. मग काकांनी बाटली उचलून अभिनय करून दाखवला. आजोबांना हसताना ठसका लागला, आणि नूडल्सवाला कढईसमोरून ओरडून विचारायला लागला की काय झालं, काय झालं.