तोल

नांदेडला वाढलेल्या माणसाला शस्त्रांचे अप्रूप नसावे. सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंहांची शस्त्रे सायंकाळी संगतीला दाखवली जातात. लहानपणी ती मीही पाहिली आहेत. तरी लेकीसाठी एअर पिस्तूल निवडायला लातूरला एका रेंजवर गेलो, तेव्हा मन कचरले.

आईच्या लेखी लातूर म्हणजे कासीम रझवीने जिथे वकिली केली ते गाव. १९४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने ती कणगीआड लपली होती. फटाकाही तिला सोसत नाही.

दोन पिस्तुले समोर होती, दोन्ही ४.५ मिलिमीटर छर्‍याची. पहिले जड. दहा मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचे. जडपणामुळे नेम तिथे ठरे. पण स्पर्धेत ६० फैरी एकाच हाताने झाडायच्या असतात, आणि लेकीचा खांदा विसाव्यालाच ढळू लागला. दुसरे हलके, हाती किंचित थरथरे, मात्र शेवटपर्यंत पेलले. चाप दोन्हींचे नियमाप्रमाणे ५०० ग्रॅमच्या वरच. पण दुसर्‍याचा चाप सुटताना कळतच नसे. (मला जडच आवडले होते. बापाला बहुधा तसेच आवडते.)

हलके घेतले. घरी आईने ते तांदूळ जोखावेत तसे तळहातावर तोलले.

"परवाना लागतो का रे?"

"याला नाही लागत."

"आणि मूठ? पोरीच्या हाताला नीट बसते का, ते पाहिलंस?"

मूठ मी पाहिलीच नव्हती.